पाहाले येनारे

पाहाले येनाऱ्यायचा मले राग येतो, सांगून ठेवते. आमच्या यायले लिव्हरचा कॅन्सर. मोठ्या दवाखान्यानं आता करन्यासारखं काई नाही म्हनून घरी धाडलं, अन् दुसऱ्याच दिवशी रुआबांध्याच्या आमच्या क्वार्टरात जत्रा भरली. यायच्या स्टील प्लांटमधले, गल्लीतले, अन् तुमसरचे दीर पंजाबराव अन् जाऊ सिंधुताई तं बॅगा घेऊनच. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. जो येई तो खाटेवर वाकून इचारे, "केवलराम, मले ओरखलं का?" हे बिचारे डोये उघडून हो म्हनत. मी तिकडं ओट्यापाशी चहा उकयत राहो.

रातभरही जागीच. डोया लागला अन् तेवढ्यातच हे गेले तं? या भेवानं अंग टेकवत नव्हती. पोरगा शुभम हथखोजच्या कारखान्यात नाइट करे, त्याले तरी किती बसवू.

हॉस्पिसवाल्यायची रीना सिस्टर घरी येत जाय. बिमारी बरी कराले नाही, दुखनं कमी कराले येतात हे लोक. त्या दिवशी तिनं यायले दवाई देल्ली, कूस बदलून देल्ली, मंग माह्यापाशी येऊन उभी रायली.

"काकू, तुमाले काय पायजे?"

इतक्या दिवसांत हे कोनी इचारलंच नव्हतं. नवरा वाचू दे, असं म्हनाले पायजे होतं. तोंडातून निंगालं, "मले झोपाचं हाय." लय लाज वाटली. नवरा मरून रायला अन् बाईले झोप सुचून रायली.

रीनानं गॅस बंद केला अन् बैठकीत गेली. "देखो, आजपासून पाहाले येनं बंद. काम कराले या." चहाचं पातेलं सिंधुताईच्या हाती देल्लं. टीव्हीपुढच्या पंजाबरावले उठवून खाटेपाशी बसवलं अन् ओल्या कापसानं यायचे ओठ कसे भिजवाचे ते दाखवलं. "अन् ओरखलं का म्हनून कोनी इचारू नका," ती म्हने. "आपलं नाव सांगा अन् चूपचाप बसा."

सिंधुताई कुरकुरली, "आमी का कामाले आलो का इथं?"

"मंग कायले आलते?" मी म्हनलं. एवढा दम मले कुठून आला, मालूम नाही.

रीनानं खाटेला लागून चटई टाकली. मी तिले इचारलं, "मी झोपली अन् हे गेले तं?"

"तं पंजाबरावजी उठवतीन. अन् नाही जमलं त्यायले, तरी तुमी इथंच असान, काकू. ओट्यापाशी नाही."

पडली मी. कवा झोप लागली, समजलंच नाही.

जाग आली तवा संध्याकाय होती. घर चूप. पंजाबराव खुर्चीवर घोरून रायले होते, कापूस हातातच. यायचे डोये मिटलेले. हात लावाची हिंमत होत नव्हती.

"अवो," मी म्हनलं. "आयकता का?"

डोये न उघडताच हे हयू म्हनाले, "अजून हाय मी. झोप तू."

असा राग आला मले त्यायचा, अन् असं रडू आलं, काय सांगू. जानारा मानूस मले झोपवून रायला होता. मी त्यायचा हात धरून पुन्हा आडवी झाली अन् रडता रडताच झोपली.