शेवटची सोळा पानं

एकशे बाराव्या पानावर माशाचा खवला चिकटलेला होता. वाळलेला, नखाएवढा. म्हणजे बाजारातल्या मासळीवालीने ऐकलं नाहीच, मासे कापता कापताच वाचलं… ह्ला यिनने तो खरवडून काढला तरी कागदावर चकाकता डाग राहिला. राहू दे. भाड्याने हिंडणाऱ्या पुस्तकाला काही ना काही लागायचंच. कुठे गालावरच्या चंदनउटीचं बोट, कुठे विड्याचा शिंतोडा, कुठे भाजीचं तेल. लोक परत देताना ‘वाचलं हो सगळं’ म्हणतात, पण कोण कुठे थांबलं, कोण कुठे पेंगलं, ते पानं सांगतात, आणि पानांना खोटं बोलता येत नाही, असं ती तीस वर्षं समजत आली होती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मौलमीनच्या टेकडीखालच्या या गल्लीत दहाच्या सुमाराला ऊन उंबऱ्यापर्यंत येतं, मग ती बांबूची चटई अर्धी खाली सोडते. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर खून. प्रेमाच्या कादंबऱ्या दाराजवळ, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. आतल्या फळ्या फक्त नेहमीच्यांना. ही मांडणी को थाउंगची, तिच्या नवऱ्याची. तो जाऊन चार वर्षं झाली तरी तिने एकही पुस्तक हलवलं नव्हतं. आणि पुस्तक द्यायची रीतही त्याचीच. आधी माणूस वाचायचा, मग पुस्तक काढायचं, असं तो म्हणायचा. विधवेला नवऱ्याच्या खुनाचं द्यायचं नाही, दवाखान्यातल्या बाईला विषाचं नाही. ज्याच्या घरात जे जळतंय त्याचा धूर त्याला पुस्तकातून आणखी कशाला? गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ह्लामावशीने दिलेलं पुस्तक कधी वाया जात नाही. तिला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये?

खवल्याचं पुस्तक तिने बाजूला ठेवलं, कारण त्याच्याखाली दुसरं होतं, आणि ते उघडायला तिचा हात सकाळपासून धजत नव्हता.

‘मिठागरावरचा पाहुणा’. पण ही तिची प्रत नव्हे. तिची प्रत जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली, आणि तिला शेवटची सोळा पानं नाहीत. दहा वर्षांपूर्वी को थाउंगने एका बंद पडणाऱ्या दुकानातून वजनावर गठ्ठा आणला त्यातच ती तशी आली होती. फौजदार घरातल्या सगळ्यांना ओसरीवर बोलावतो, म्हणतो की ज्याने हे केलं तो याच छपराखाली आहे, आणि पुढे नुसता दोरा. पुस्तक इतकं सुंदर की फेकवत नव्हतं. म्हणून या दुकानात एक रिवाजच पडला: ‘मिठागर’ घेऊन जायचं, वाचायचं, आणि परत द्यायला आलं की समोरच्या स्टुलावर बसायचं, शेवट मावशी सांगणार. कारकून. मिठागराच्या मालकाच्या थोरल्या मुलाला खाऱ्या पाण्यात लोटून मारणारा त्यांचाच कारकून, कारण फौजदाराला त्याच्या बुटात मीठ सापडतं. दहा वर्षांत किती जणांना सांगितलं असेल! सांगून सांगून तिने त्या कारकुनाला खोकला दिला, जाड भिंगाचा चष्मा दिला, ओसरीवर त्याचा चहाचा पेला थरथरला तेही दिलं.

दहा वर्षं फक्त एका माणसाने कुरकुर केली. पो साइंग मास्तर, रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले, प्रत्येक कादंबरीतल्या गाड्यांच्या वेळा तपासून बघणारे. ते म्हणायचे, बाई, मिठागरावर कुणाच्या बुटात मीठ नसतं? मालकाच्या असेल, फौजदाराच्या असेल, कुत्र्याच्या पायालाही असेल. ती म्हणायची, मास्तर, तुमची गाडी नेहमी उशिरा कशी हो येते? आणि दोघं हसायची.

आज सकाळी मास्तर नेहमीपेक्षा फार हसत होते. यांगॉनला मुलीकडे गेले होते, तिथे फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत त्यांना अख्खी प्रत मिळाली होती.

“घ्या,” ते म्हणाले, “तुमचा कारकून बिचारा निर्दोष आहे. दहा वर्षं फासावर लटकवलात त्याला.”

“मग कोण?”

“असं कुणी सांगतं होय? वाचा. पण खरं सांगू, शेवट तुमचाच बरा. हा वाचून मला जेवण गेलं नाही. तुम्ही रचलात की काय तो?”

तो शेवट नवऱ्याचा, असं ती म्हणाली नाही. तिने मास्तरांना चहा ओतून दिला, त्यांच्या नातवंडांची चौकशी केली, आणि ते गेल्यावर पुस्तकाकडे पाठ करून फळ्या पुसल्या. पुसून झाल्या. पुन्हा पुसल्या. आता मात्र ओल्या फडक्याला काही काम उरलं नव्हतं.

सोळा पानं वाचायला किती वेळ लागतो? अर्धा तास? तिला मठातली अकराची घंटा ऐकू आली आणि ती शेवटच्या पानावर होती, एवढंच तिला कळलं.

कुणी मारलेलंच नसतं. थोरला मुलगा पिऊन घरी येतो, दार वाजवतो, आणि आई जागी असते. आज शिकू दे एकदाचा धडा, म्हणून ती कडी काढत नाही. तो अंधारात मिठागरात पाणी सोडायच्या झडपेपाशी जातो आणि पाण्यात पडून बुडतो. फौजदाराला हे कळतं, तो चहा संपवतो, कागदावर ‘अपघात’ लिहितो आणि उठतो. तेव्हा आई विचारते, साहेब, त्याने सात वेळा दार वाजवलं, ते लिहिलंत का? बस्स, संपलं. त्याखाली छापखान्याचा पत्ता.

तिने पुस्तक मिटलं. पहिल्यांदा तिला बरं वाटलं, अगदी ऊब आल्यासारखं — कसा माणूस होता माझा! ते पुस्तक दुकानात आलं तेव्हा त्यांच्या मुलाला, ल्विनला, जाऊन दोन वर्षं झाली होती, दोन वर्षांत तिने उघडलेलं ते पहिलं पुस्तक. अर्ध्यात तुटलं म्हणून ती चिडली, आणि को थाउंग, ज्याने ते तरुणपणी अख्खं वाचलं होतं, पुठ्ठे शिवता शिवता, सुईवरची नजर न काढता म्हणाला, ‘कारकून. बुटात मीठ सापडतं.’ त्याची ती रीत: आधी माणूस वाचायचा. माझ्या घरात काय जळतंय ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून त्याने त्या आईला वाचवलं आणि एका कारकुनाला मारलं. माझ्यासाठी.

आणि मग ती ऊब गेली. कारण…

कारण बुटातल्या मिठातली फट तिला त्याच दिवशी दिसली होती. मास्तरांच्या आधी. जी बाई दुसऱ्या प्रकरणात खुनी ओळखते तिला दिसणार नाही होय? दिसली, आणि तिने ती झाकली, कारण तिला कारकून हवा होता. मग दुसरीकडे काय काय झाकलं?

बारा वर्षांपूर्वी ल्विन, तिचा एकुलता एक, दहावीला तिसऱ्यांदा नापास होऊन याच स्टुलावर पुस्तक वाचत बसला होता. दुकानात गिऱ्हाईक होतं. ती बोलली. आया बोलतातच की. गल्लीत रोज कुणी ना कुणी बोलतं आणि संध्याकाळी त्याच पोराला जेवायला वाढतं. फुकटची पानं उलटत बसण्यापेक्षा कुठे मरायचं तिथे जाऊन मर, असं ती बोलली. तिसऱ्या दिवशी तो आखातात मासेमारीच्या तराफ्यावर कामाला गेला. ते बांबूचे तराफे महिनोन्‌महिने समुद्रातच असतात, पत्र नाही, निरोप नाही. चौथ्या महिन्यात किनाऱ्यावरच्या गावातून मासळीच्या ट्रकचा माणूस आला: ताप डोक्यात गेलाय, किनाऱ्यावर आणून ठेवलाय. ट्रकमध्ये एकच जागा होती. को थाउंग चढला.

तो चौथ्या दिवशी एकटा परत आला, आणि त्याने सांगितलं ते तिने त्यानंतर रोज स्वतःला सांगितलं. शेवटच्या पहाटे ल्विनला शुद्ध आली. चिंचेच्या पाल्याचं सार दोन चमचे घेतलं. आणि म्हणाला, आईला सांगा, मला तिचा राग नाही आलेला.

या एका वाक्यावर मी जगले. दुसरं काय होतं? भात शिजवला, दुकान उघडलं, नवऱ्याला अग्नी दिला, सगळं या वाक्याच्या जोरावर. आणि ट्रकचा माणूस उंबऱ्यावर उभा राहून काय म्हणाला होता? तेही मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, दोन्ही पाठ आहेत, फक्त बारा वर्षांत मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली नाहीत. तो म्हणाला होता, लवकर चला, दोन दिवस झाले, पोरगा बोलत नाहीये.

अर्थात तापात माणूस मध्येच शुद्धीवर येतो. येतो ना? पुष्कळांचं ऐकलंय. पण मग तिनेच गिऱ्हाइकांना शिकवलेलं आठवलं, की साक्षीदार खोटं बोलायला लागला की त्याला बारीकसारीक फार आठवतं. दोन चमचे. चिंचेचा पाला. बुटातलं मीठ.

विचारायला माणूस आहे. त्या गावात जिने ल्विनला ओसरीत झोपवलं होतं ती बाई जिवंत आहे; सकाळची बस धरली की दुपारी तिच्या दारात. बारा वर्षांत ह्ला यिनला तिचे आभार मानायलासुद्धा जावंसं वाटलं नव्हतं. हेही नवलच की. दुसऱ्या कुणाच्या गोष्टीत तिने यावर बोट ठेवलं असतं.

“मावशी, झोपलात की काय?”

न्वे नी. शिंप्याकडे काजं करणारी, हसरी, बोटांना सुया टोचलेली पोर. तिच्या हातात ‘मिठागर’ होतं, दोऱ्याने शिवलेलं; परवा ह्ला यिननेच काढून दिलं होतं. ती स्टूल ओढून बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्यासारखी. तिचा भाऊ दीड वर्षापूर्वी आईशी भांडून सीमेपलीकडे गेला होता, आणि तिची आई अजून रोज टपालवाल्याला गल्लीच्या तोंडाशी गाठत होती. मग हे पुस्तक मी या पोरीला दिलंच कसं? कारकुनाचं म्हणून दिलं. माझ्याकडे कारकुनाचंच होतं.

“सांगा ना. मी रात्रभर विचार केला. मला तर आईवरच संशय येतोय.”

अख्खी प्रत ह्ला यिनच्या मांडीवर होती. तिने तिच्यावर फडकं टाकलं.

“छे, आई कशाला? कारकून,” ती म्हणाली. “त्याच्या बुटात मीठ सापडतं.”

न्वे नीने तोंड वाकडं केलं. मिठागरावर तर सगळ्यांच्याच बुटात असेल, असं तिचं म्हणणं पडलं. आणि ह्ला यिन, जिला दहा वर्षं मास्तरांना हे उत्तर देता आलं नव्हतं, क्षणभरही न थांबता म्हणाली की त्या दिवशी घरातले बाकी सगळे पौर्णिमेच्या पूजेसाठी पॅगोड्यात अनवाणी गेले होते, बूट फक्त त्याच्या पायात. शिवाय त्याचा पेला थरथरला. शिवाय आई शेवटी मुलाच्या फोटोपुढे फुलं ठेवते आणि तिला वाटतं, तो रागावलेला नव्हता.

“खरंच असं आहे पुस्तकात?”

“हो,” ह्ला यिन म्हणाली.

पोरीचा चेहरा निवळला. तिने दुसरं काहीतरी मागितलं, ह्ला यिनने काढून दिलं, काय दिलं ते तिला आठवत नव्हतं. पोर गेली.

हो, म्हणाले मी. किती सोपं होतं! त्या पोरीवर माया दाटून आली, डोळे भरले. आणि मीही विचारलं होतं. त्या चौथ्या दिवशी, त्याच्या पायांवर पाणी घालताना मीही विचारलं होतं, खरंच असं म्हणाला तो? आणि को थाउंगचे डोळे भरले होते, आणि तो म्हणाला होता, हो. मी ते डोळे पुरावा म्हणून जपले.

तिला त्याचा राग आला. मेलेल्या माणसाचा, आयुष्यात पहिल्यांदा, असा की फळ्यांवरची त्याने लावलेली पुस्तकं दोन्ही हातांनी ओढून काढावीत. तू माझ्या पोराचं तोंड होऊन बोललास. आणि बोलला नसशील, ते खरंच त्याचं असेल, तरी आता मी ते कसं ओळखू? ते वाक्य तिने मनात पुन्हा म्हणून बघितलं आणि तिला ते ऐकू आलं को थाउंगच्या आवाजात. नेहमी त्याच्याच आवाजात यायचं. ल्विनचा आवाज त्यात कधी नव्हताच.

ल्विनचा आवाज तिने धुंडाळला. बराच वेळ काही सापडलं नाही. मग सापडलं, तिच्या स्वतःच्या कानांनी ऐकलेलं, मध्ये कुणीही नसलेलं. तो निघाला त्या सकाळी ती चुलीपाशी होती, वर बघितलं नव्हतं तिने, आणि दारातून तो म्हणाला होता, भात झाकून ठेवू नकोस.

एवढंच. रागाने म्हणाला? की माझी वाट बघू नकोस, तू जेवून घे, अशा अर्थी, रोजच्यासारखा? ती ते पुन्हा ऐकत राहिली, एकदा असं, एकदा तसं, आणि दोन्ही वेळा ते तंतोतंत जुळत होतं.