उलट्या गाठीची झोळी

मित्रांनो, मी एक जुनी झोळी आहे. नाकं मुरडू नका, भिक्षेची नव्हे, लढाऊ जहाजावरची! जाड कापडाची, दोन्ही टोकांना दोऱ्यांच्या झुपकेदार मिशा असलेली. आमच्या आरमारात खलाशांना पलंग कुठले? रात्री आम्हांला छताच्या आकड्यांना टांगायचं नि आत शिरायचं. मग सगळे एका सुरात घोरायचे. त्या घोरण्यावर जहाज चालायचं नि इंजिनाला रात्रीची सुट्टी असायची. हसता काय? मी तिथे होते, तुम्ही नव्हता.

आमचं जहाज हायागुमो, म्हणजे धावता ढग. जपानातल्या कुरे बंदरात ते उभं राहिलं की डोंगरावरची पोरं टाळ्या पिटायची. सकाळी बिगुल वाजला की झोळी गुंडाळून दोरीनं करकचून आवळायची, कारण जहाज बुडालंच तर तीच खलाशाचा तराफा. दोरकामाचा सारंग होता ओनोदेरा. तो डावखुरा. त्यामुळे सगळ्या जहाजानं शेवटची गाठ डावीकडून, उलटी मारायची. शेजारच्या जहाजांवरचे ओरडायचे, "हायागुमोवाल्यांनो, भात तरी तोंडानंच खाता ना?"

सारंग म्हणायचा, "हसू देत. आपली गाठ सुटत नाही."

तोकुजी इवाशिता माझ्यात झोपायला आला तेव्हा दुसरं महायुद्ध शेवटाला आलं होतं. समुद्रात कालवं पिकवायच्या तराफ्यावर वाढलेला पोरगा, पण पोहता येईना! बंदर सोडायच्या आदल्या दिवशी तो जहाजावर चढला. त्याचं नाव विचारायलाही कुणाला सवड नव्हती. सगळे म्हणायचे 'नवा'. सारंगानं मात्र डोक्यात टपली मारून त्याला गाठ शिकवली. "उजवीकडून नाही रे, गाढवा! डावीकडून!"

पुढच्या आठवड्यात हायागुमो बुडालं.

मला कवटाळून सात जण तरंगले. बरं बाई, तीन. पण वजनाला सात होते. एक शार्क आला, त्यानं माझा वास घेतला, नि शिंकत परत गेला. त्या काळ्या पाण्यात तोकुजी रात्रभर दोघांना जागं ठेवत होता, "झोपलात तर टपली मारीन हं!" केवढंसं पोर, पण आवाज सारंगाचा. उजाडता बचावाची बोट आली. सारंग खाली गेला होता. त्याची गाठ वर आली, न सुटता.

घरी आल्यावर तोकुजीनं मला धुऊन आढ्याला टांगलं. काही वर्षांनी माझ्यात त्याची लेक झोपली, मित्सुए. दर्यावरच्या तोफांपेक्षा तिचं रडणं मोठं, शप्पथ! ती मोठी झाल्यावर तोकुजीनं तिला अंथरूण बांधायला शिकवलं. डावीकडून. शाळेत तिनं दप्तर बांधलं की बाई रागवायच्या, "कसली ही उलटी गाठ? सोड नि नीट बांध." तोकुजी जहाजाबद्दल अवाक्षर काढत नसे. एवढंच म्हणे, "गाठ बदलायची नाही."

तो गेला. मी कोठीत पडले. उंदरांनी माझ्या मिशा कुरतडल्या.

मग मित्सुएनं ध्यासच घेतला. जहाजावर बाबांचं काय काय झालं? आईला आठवत होतं ते फक्त जहाजाचं नाव. सरकारी कचेरीत गेली तर कळलं, आरमाराचे कागद युद्धाच्या शेवटी जाळले. शेजारची ओकिनुकाकू तर फिस्सकन हसली. "तुझा बाप नि आरमार? अगं, तराफ्यावरून पडला की तुझी आई बांबूनं ओढून काढायची त्याला!"

कुरेच्या टेकडीवर बुडालेल्या जहाजांच्या आठवणीचे दगड आहेत. हायागुमोच्या दगडापाशी म्हातारे खलाशी दर वसंतात जमायचे. मागे वारलेल्या सोबत्यांसाठी एकेक पेला मांडायचे. मित्सुएला बाबांचा पेला तिथे मांडायचा होता, बस्स. पण त्यांचे म्होरके उमेझावा आजोबा ठाम. "बाई, हे नाव आमच्यात कुणालाच आठवत नाही. कुणालाही मांडू दिलं, तर जे खरंच गेले त्यांना काय तोंड दाखवू?"

मग निरोप आला, की गुडघे चालेनात, यंदाचा मेळावा शेवटचा.

मित्सुए तरी निघाली. म्हाताऱ्यांसाठी कालवांचा भात, बाबांचा पेला, साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची बाटली. एवढं न्यायला मोठं कापड हवं, म्हणून मला कोठीतून काढलं, झटकलं, नि सवयीनं आवळून बांधलं. मी मनात ओरडत होते, अगं, मीच आहे ती! पण झोळीला तोंड असतं ते फक्त सामान घालायला.

टेकडीवर उमेझावा आजोबा म्हणाले, "पुन्हा आलात? बसा, जेवा. पण पेला नको."

"नाही मांडत. भात तरी घ्या," मित्सुए म्हणाली. ती गाठ सोडायला वाकली.

"थांबा!" म्हातारा काठी टाकून पुढे आला. "हात लावू नका. ही गाठ कुणी मारली?"

"मी. उलटी आहे, ठाऊक आहे मला. जन्मभर बोलणी खाल्लीत."

"कुणी शिकवली?"

"बाबांनी. चुकलं की टपली मारायचे."

आजोबांनी मागे वळून हाक मारली. "अरे, इकडे या रे सगळे! ओनोदेराची गाठ! या पृथ्वीवर एकाच जहाजानं अशी बांधली." मग हळूच विचारलं, "बाई, तुमच्या बाबांना पोहता यायचं?"

"छे हो. आई बांबूनं काढायची."

"मग तो नवा!" म्हातारा रडत हसत होता. "बंदर सोडायच्या आदल्या दिवशी चढला. रात्रभर पाण्यात माझ्यावर खेकसत होता, झोपू देईना. मी म्हटलं, आधी उजाडू दे, मग तुझं नाव विचारतो नि तुला बडवतो. बोटीत आम्ही वेगवेगळ्या टोकांना पडलो. विचारायचं राहिलं."

"तोकुजी," मित्सुए म्हणाली. "तोकुजी इवाशिता."

पेला मांडला गेला, अगदी मधोमध. मग उमेझावा आजोबा ओरडले, "झोळी बांधा!" एकेकानं पाळीपाळीनं मला आवळलं. सगळ्यांत झटपट बांधली ती मित्सुएनं. मला तर इतक्या गुदगुल्या झाल्या, की टेकडी हलली नि बंदरातली जहाजं डुलली.

पुढे आरमाराच्या संग्रहालयाचे लोक आले नि म्हणाले, हिला काचेत ठेवू. मित्सुए म्हणाली, "तिला काम आहे." आता माझ्यात तिची नात झोपते. घोरते, पण हायागुमोवरच्या खलाशाला शोभेल असं!

तेव्हा मित्रांनो, जुनं कापड टाकण्याआधी उलगडून बघा. आणि घरात कुणी उलटी गाठ मारत असेल, तर सोडण्याआधी विचारा, ही तुला कुणी शिकवली?