उलट्या बावट्याचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला लावतात तसला नाही हं! फोटो स्टुडिओत माणसांच्या पाठीमागे टांगतात ना, चित्र काढलेला, तो मी. बारा हात लांब, आठ हात रुंद. रेवदंड्याच्या बाजारपेठेत आमचा स्टुडिओ आहे. माझ्या अंगाला हल्ली जरा सुक्या बोंबलांचा वास येतो, त्याबद्दल आधीच माफी मागतो. तो वास कसा लागला आणि आमचा स्टुडिओ बंद पडता पडता कसा राहिला, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म पेणचा. चाळीस वर्षांपूर्वी मी नुसतं मांजरपाटाचं कापड होतो. हिराजी नावाच्या पेंटरने मला खळ लावून ताठ केलं आणि भिंतीला ठोकलं. हिराजी तेव्हा पंचविशीचा. तो गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायचा आणि विसर्जन झालं की रिकामा बसायचा. रेवदंड्याच्या चांगदेवअण्णांनी नव्या स्टुडिओसाठी त्याला समुद्राचा पडदा करायला सांगितला. आता गंमत बघा, हिराजीने आयुष्यात होडीत पाय ठेवला नव्हता. समुद्रही जत्रेला येता-जाता लांबूनच पाहिलेला. पण हात गणपतीचा! त्याने माझ्या लाटांना पितांबरासारखे सोनेरी काठ काढले. पाण्यातून उडी मारणारा एक मासा काढला आणि त्याचा डोळा अगदी बाप्पाच्या डोळ्यासारखा आखला, शांत आणि प्रेमळ. मधोमध मोठी शिडाची होडी आणि डोलकाठीवर लाल बावटा. बावटा म्हणजे होडीवरचं निशाण. मी तयार झालो तेव्हा इतका देखणा होतो की काय सांगू! खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

अण्णांनी मला टांगलं तेव्हा गावातल्या लोकांनी त्यांची थट्टा केली. "दारात एवढा समुद्र असताना चित्रातला कशाला, अण्णा?" अण्णा शांतपणे म्हणाले, "दारातला समुद्र फोटो काढताना पदर उडवतो. हा गप बसतो."

मग तुळशीच्या लग्नानंतर कोळीवाड्यातली पहिली जोडी आली. वेणूबाई आणि दादू. आमच्याकडे लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरी नवऱ्याला घेऊन माहेरी जाते, त्याला पाचपरतावण म्हणतात. त्या वाटेवर दोघं फोटो काढायला थांबली. दादू बिचारा खुर्चीत ताठ बसला. वेणूबाई मात्र माझ्याकडे बघून खो खो हसायला लागली.

"अगो बाय! शीड फुगलंय एकीकडं नि बावटा उडतोय दुसरीकडं! ह्या होडीला दोन वारं लागलंत काय?"

मित्रांनो, मला तेव्हा ते कळलंच नाही. वारा एकच असतो, तो शिडाला ज्या बाजूला फुगवतो त्याच बाजूला बावटाही फडकवतो. कोळ्याच्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं, पण पेणच्या हिराजीला कुठून असणार? अण्णांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "उद्याच पेणला पाठवून दुरुस्त करून आणतो." त्यावर वेणूबाई म्हणाली, "नको हो अण्णा. राहूं द्या तसाच. फोटो बघितला की हसू तरी येईल."

आणि राहिला तसाच. महिनाभरात अलिबागपासून मुरूडपर्यंत बातमी पसरली. स्टुडिओच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक म्हणायचे, "उलट्या बावट्याकडं फोटो काढला." पाचपरतावणाची जोडी आधी माझ्यासमोर बसणार आणि मग पुढे जाणार, असा रिवाजच पडला. पुढे त्यांची बाळं आली, त्या बाळांचे शाळेचे सत्कार आले, बोटीवर नोकरीला निघालेले तरुण आले.

अण्णांची एक पद्धत होती. ते कोणाला "हसा" असं कधीच म्हणायचे नाहीत. कॅमेऱ्यामागून एकदम ओरडायचे, "होडी आली बघा!" कोळीवाड्यात होडी परत येणं म्हणजे घरचं माणूस सुखरूप घरी येणं. ते शब्द कानावर पडले की कितीही लाजरी बाई असो, तिचा चेहरा आपोआप उजळायचा. तेवढ्यात अण्णा खटका दाबायचे. असे हसरे चेहरे मी हजारोंनी पाहिले आहेत, म्हणजे पाठीमागून. पण मला कळायचं.

मग अण्णा गेले आणि त्यांचा मुलगा विनेश कॅमेऱ्यामागे उभा राहिला. पोरगा हुशार, हात चांगला. पण तोवर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला होता. स्टुडिओत फोटो काढायला कोण येणार? विनेशने मोबाईलवर धंदा वाढवायचे धडे बघितले. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि माझ्या जागी एक राखाडी कागद लावला. राखाडी! पावसाळ्यातल्या आभाळासारखा!

त्याने इंटरनेटवर दुकानाचं पान काढलं, इंग्रजी नाव दिलं, वर इंग्रजी वाक्यं टाकली. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडप्यांना काशीदच्या किनाऱ्यावर नेलं. पण काशीदला त्याच दिवशी आणखी सात फोटोग्राफर, आणि तोच खडक, तोच घोडा, तेच उडणारं गुलाबी कापड! त्याचे फोटो सुंदर असायचे, पण कोणाचे ते ओळखू यायचे नाहीत. पसंतीचे अंगठे पडायचे ते आतेभाऊ, मामेभाऊ आणि मेव्हण्याचे. भरीस भर म्हणजे नकाशावर स्टुडिओची खूण करताना त्याचं बोट सरकलं आणि आमचा पत्ता थेट खाडीच्या मुखात जाऊन पडला. एका अलिबागकराचा धक्क्यावरून फोन आला, "अहो, स्टुडिओ पाण्यात दाखवतोय, पोहत येऊ का?" विनेशची बायको रुचिता हसून हसून बेजार झाली. विनेश मात्र त्या दिवशी जेवला नाही.

शेवटी माघ महिन्यात त्याने हाय खाल्ली. नवी मुंबईतल्या एका कंपनीत वस्तूंचे फोटो काढायची नोकरी ठरली. पाडव्याला हजर व्हायचं होतं. शिमगा झाला की दुकान एका वेफर्सवाल्याला द्यायचं, असंही ठरून गेलं. रुचिता म्हणाली, "अहो, अण्णांचा स्टुडिओ आहे तो. असा सोडायचा?" विनेश म्हणाला, "कोणी येतच नाही गं. मी काय भिंतीचे फोटो काढू?" हे मी माळ्यावरून ऐकलं. स्टुडिओ गेला की माझं काय होणार, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

माळा रिकामा करताना विनेशने मला खाली काढलं आणि वेणूबाईला बोलावलं. ती आता साठीची झाली होती. "मावशी, बोंबील झाकायला जाडं कापड हवंय म्हणत होतात ना? हे घेऊन जा." तिनेही न उलगडताच मला डोक्यावर घेतलं. दोन दिवस मी त्यांच्या ओट्यावर, उलटा, सुक्या बोंबलांच्या ढिगावर पडून होतो. बाप्पा रंगवणाऱ्या हाताने रंगवलेला मी, आणि ही वेळ! माझ्या नाकातोंडात नुसता खारा वास. रडू आलं मला, खरंच सांगतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेणूबाईने बोंबील हलवायला मला ओढलं आणि मी सुलटा झालो. तिची नजर माझ्या होडीवर पडली. मग जी ओरडली!

"आरं दादू! ये हिकडं! आपल्या लग्नाचा बावटा ह्यो! ह्याच्या पाठीवर मी बोंबील टाकलं?"

तिने मला झटकलं, खांद्यावर टाकलं, घरातल्या भिंतीवरचा फोटो काढून काखेत मारला, आणि दादूला पुढे घालून तरातरा स्टुडिओत आली. विनेश सामान बांधत होता. "राखाडी कागद काढ," ती म्हणाली. "ह्यो लाव. मला नि माझ्या म्हाताऱ्याला परत तसाच फोटो पायजे."

विनेशने कागद काढून मला टांगलं. वेणूबाई खुर्चीशेजारी उभी राहिली आणि माझ्याकडे बोट करून बोलत सुटली: तेव्हा ती कशी हसली, अण्णा कसे कावरेबावरे झाले, पेंटर कसा येडा होता. रुचिताने हळूच मोबाईल काढून ते सगळं टिपलं. शेवटी वेणूबाई मोबाईलकडे बघून म्हणाली, "ह्या पडद्यात चूक काय हाय ती सांगा. न्हाय सापडली तर रेवदंड्याला या. मी दाखवते!"

रुचिता ते दुकानाच्या पानावर टाकायला निघाली तेव्हा विनेश चिडला. "वेडी आहेस का? धंद्यातली चूक कोणी जगाला दाखवतं? लोक हसतील!"

"हसू देत की," रुचिता म्हणाली. "तुम्ही चार वर्षं सगळं चांगलं चांगलं दाखवलंत. कोणी बघितलं का?"

तिने ते टाकलंच. आणि मित्रांनो, संध्याकाळपर्यंत जो काही गोंधळ उडाला! थळचे कोळी आणि मुरूडचे कोळी वाऱ्याच्या दिशेवरून भांडायला लागले. हरिहरेश्वरच्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, लांबलचक निकाल दिला. कोणी दूरच्या समुद्रात जहाजावर नोकरीला होता, त्याने लिहिलं, "माझ्या आईबापाचा फोटो ह्याच बावट्याखाली आहे." रुचिताने ते वाक्य धरलं. तिने साध्या मराठीत लिहिलं, "तुमच्या घरात उलट्या बावट्याचा फोटो असेल तर आम्हाला पाठवा. आणि शिमग्याला गावी आलात की तोच फोटो पुन्हा काढायला या. त्याच जागी, त्याच माणसांबरोबर." खाली पत्ता टाकला, आणि नकाशावरची खूण खाडीतून काढून जमिनीवर आणली.

फोटो येतच राहिले. पिवळे पडलेले, कडा कुरतडलेले, आणि प्रत्येकात मी! इतकी माणसं मला घरात सांभाळून होती आणि मी मात्र माळ्यावर पडून कुढत होतो.

शिमग्याला मुंबईची, ठाण्याची, नवी मुंबईची सगळी माणसं गावी आली, आणि होळीच्या दिवशी सकाळी आमच्या दारापासून एस.टी. थांब्यापर्यंत रांग लागली. काखेत जुना फोटो, अंगात नवे कपडे. वेफर्सवाला दुकानाचं माप घ्यायला आला होता, तोही रांग बघून उभा राहिला. विनेशच्या कपाळावर घाम. तो सवयीने म्हणत होता, "स्माईल प्लीज, स्माईल प्लीज," आणि लोक दात दाखवत होते.

मग एक बाई एकटीच आली. तिच्या हातातल्या फोटोत तिच्याशेजारी नवरा होता. ती बरोबर जुन्या जागी उभी राहिली आणि शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी सोडली. विनेशने कॅमेरा डोळ्याला लावला. त्याच्या तोंडून "स्माईल" निघेना. मग तो अगदी अण्णांच्या आवाजात म्हणाला, "होडी आली बघा!"

ती बाई हसली. डोळ्यांत पाणी होतं, तरी चेहरा कसा उजळून निघाला! रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तो आवाज ओळखला. "अण्णाच बोलले रं!" कोणीतरी म्हणालं. विनेशने कॅमेरा खाली ठेवला, बाहेर ओट्यावर गेला आणि नवी मुंबईला फोन लावला. "साहेब, मी नाही येत. इथे फार काम आहे." मग वेफर्सवाल्याकडे वळला, पण त्याला काही सांगावंच लागलं नाही. तो घरी जाऊन बायको-मुलांना घेऊन आला आणि रांगेत उभा राहिला.

गोष्ट इथेच संपली असती, पण पाडव्याच्या सकाळी एक पांढऱ्या केसांचा माणूस रंगाची पेटी घेऊन एस.टी.तून उतरला. हिराजी! नातवाने त्याला मोबाईलवर वेणूबाई दाखवली होती. चाळीस वर्षांनी कळलं होतं बिचाऱ्याला! त्याने माझ्यासमोर उभं राहून कपाळावर हात मारला. "मला कोणी सांगितलं का नाही? थांबा, आत्ता बावटा फिरवतो."

"हात तर लावून बघ!" वेणूबाई दारातूनच गरजली. ती गुढीचा प्रसाद घेऊन आली होती. "आमच्या समद्यांची लग्नं त्या बावट्याखाली हायत. तू रंगवलास, पण आता तो तुझा न्हाय."

हिराजी ओशाळला, मग हसला. त्याने माझ्या माशाचा झिजलेला डोळा पुन्हा आखला. तीच शांत नजर आली. मग एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, त्याने आपलं नाव घातलं. म्हणाला, "मूर्तीवर आम्ही कधी नाव घालत नाही. इथे घालतो. चूक माझी आहे ना." नंतर विनेशने इंग्रजी पाटी उतरवली आणि हिराजीने तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नवी रंगवली. वर होडी, खाली अक्षरं, 'उलटा बावटा फोटो स्टुडिओ'. पाटीवरचा बावटा काढताना त्याने ब्रश हवेत धरला आणि विचारलं, "वेणूबाई, कुठल्या बाजूला?"

"उलटाच!" सगळे एकदम ओरडले.

तर मित्रांनो, तुमच्या माळ्यावर काही गुंडाळून ठेवलेलं असेल, तर टाकायच्या आधी एकदा उलगडून बघा. त्यात काय चुकलंय ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि कधी आमच्याकडे आलात तर माझ्या वासाला नाक मुरडू नका, माझ्यासमोर खुशाल बसा. हसायची काळजी करू नका. विनेश आत्ता कॅमेऱ्यामागे गेलाच आहे. सावरून बसा, मान जरा वर करा.

होडी आली बघा!