ही सड नव्हे, खपली!

मी कोळंबी बोलतेय! हो हो, चिमटीत धरायला गेलं की शेपटीचा फटका मारून निसटणारी तीच. आज मला गप्प बसवतच नाहीये. मरता मरता वाचले, त्याची गोष्ट सांगते.

कोळंबीचं बी, म्हणजे इवली इवली पिल्लं, तयार करणाऱ्या एका हॅचरीत मी राहते. एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ ती चालवतात. ताई शांत, भावाच्या पायाला मात्र भिंगरी. आम्ही माद्या टाकीत अंडी द्यायला कंटाळा करतो, म्हणून इथे एक रीत आहे. आमच्या एका डोळ्याचा देठ चिमट्यानं दाबून टाकतात. अंडी पिकू न देणारा रस त्या देठातच असतो. अंगावर काटा आला ना? विचार करा, माझं काय झालं असेल!

या कामात एक पथ्य असतं. नुकती कात टाकलेल्या मादीला हात लावायचा नाही. मी तर तेव्हाच जुनं कवच टाकून मोकळी झाले होते, अंग नुसतं लोण्यासारखं. भावानं घाईघाईत मला उचललं आणि कचकन देठ दाबला.

"अरे, पाठ दाबून पाहिलीस का आधी?" ताई ओरडली. "मऊ आहे ती!"

"अगं, राहिलंच की!" त्याचा चेहरा एवढासा झाला.

रक्त वाहायला लागलं. आमचं रक्त लाल नसतं हं, त्यात तांबं असतं, म्हणून निळसर दिसतं. पाण्यातले जंतू टपलेलेच होते, जखमेतून सरळ आत शिरले. कवच म्हणजे आमची तटबंदी, आणि तीच कच्ची! माझी पाचावर धारण बसली.

पण काय सांगू तुम्हांला, माझ्या रक्तातल्या पेशी अशा धावून आल्या! काहींनी स्वतः फुटून रक्त गोठवलं, वाट बंद. काहींनी जंतूंना गट्टम केलं. जिथे जंतूंचा घोळका मोठा, तिथे दहाजणींनी मिळून घेराव घातला. बारीक बारीक प्रथिनं जंतूंच्या अंगाला भोकं पाडत सुटली. तुमच्या शरीरात एकेका रोगासाठी खास प्रतिपिंडं तयार होतात म्हणे. आमच्याकडे तसली चैन नाही. जंतूचं वरचं आवरण चाचपायचं, हा परका आहे एवढं कळलं की तुटून पडायचं!

मग रक्तात झोपलेलं एक विकर जागं झालं आणि जखमेवर काळा रंग धरू लागला. तो रंग तयार होताना जंतू मरतात आणि वर झाकणही बसतं. बेतानंच करावं लागतं ते, नाहीतर मलाच बाधायचं.

भावानं मात्र ते काळं पाहिलं आणि हबकला.

"ताई, हिचा डोळा सडला गं. काढून टाकू, नाहीतर अख्ख्या टाकीला लागण होईल."

अरे बाबा, जिंकतेय रे मी! असं ओरडावंसं वाटलं, पण कोळंबीला आवाज कुठला?

ताईनं ओल्या हातानं मला उचललं, काळा भाग हलकेच चाचपला. "सड मऊ असते रे. हे घट्ट लागतंय, खपली असेल. पण छातीठोक नाही सांगता यायचं. वेगळ्या टबात ठेवू. काळं पसरलं, तर मात्र टाकून द्यायची."

झालं! माझा जीव त्या काळ्या ठिपक्यावर टांगलेला. भाऊ सारखा डोकवायचा, माकूळ माशाचा ताजा तुकडा टाकायचा. "चुकलं गं बाई माझं. खा, पण काळी पडू नकोस आणखी." मी अधाशासारखी खात होते. आत पेशींचं काम चालूच होतं.

काळं जिथल्या तिथे थांबलं. एके सकाळी माझ्या पाठीतून अंड्यांची हिरवी पट्टी दिसली आणि भाऊ टबाशी नाचायलाच लागला. "ताईऽ, धाव लवकर! भरली गं ही!"

आत्ताच अंडी सोडलीत मी, लाखोंनी! माणसांनो, डोळे शाबूत ठेवून अंडी मिळवायची युक्ती शोधा ना. तुम्ही हुशार आहात, जमेल तुम्हांला.

आणि माझ्या पिल्लांनो, आईनं जिंकलेली लढाई तुम्हांला देता येत नाही. ज्याची त्यानंच लढायची आहे. घाबरू नका, फौज तुमच्या रक्तातच आहे! ताई आता तुम्हांला दुसऱ्या टाकीत नेईल. जा. एकच डोळा उरलाय, पण अगदी भरून पाहिलं मी तुम्हांला.