नाल्याचा उतार

भाजीपाला पिकवणारं एक जोडपं, पौर्णिमा आणि विपुल, हिवरखेडला जुना पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर पाहायला गेलं. घरी तो पौर्णिमाच चालवणार होती, म्हणून ती स्टिअरिंगवर बसली आणि विपुल मडगार्डवर. मालक गुणवंतराव म्हणाले, "इंजिन मस्त हाय, बिनधास्त चालवा."

सपाट वावरात ट्रॅक्टर छान चालला. मग मागं जोडलेला फाळांचा कल्टिव्हेटर उचललेलाच ठेवून तिनं तो नाल्याच्या उतारावर घातला. अर्ध्यात गिअर आपोआप सुटला आणि ट्रॅक्टर मोकळा धावू लागला. तिनं ब्रेक दाबला, तर एकाच चाकाला लागला आणि ट्रॅक्टर काठाकडे वळला. उलटला तर आधी विपुल खाली सापडणार, हे तिच्या लक्षात आलं.

"उडी मारा!" ती ओरडली.

"तुले सोडून?"

तिनं ब्रेकवरचा पाय काढला आणि कल्टिव्हेटर खाली सोडणारा हायड्रॉलिकचा दांडा लोटला. कल्टिव्हेटरचे फाळ काळ्या मातीत रुतले. धक्के खात ट्रॅक्टर काठाच्या जरा अलीकडे थांबला.

गुणवंतराव धावत आले. "गिअर सुटते कधीकधी. दुरुस्त करून देतो."

"तुमाले मालूम होतं?" विपुल ओरडला. "मंग सांगतलं काहून नाई?"

पौर्णिमाची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. विपुलनं ती एकेक करून सोडवली. ट्रॅक्टर तिथंच ठेवून दोघं फाट्यावर आले. एसटीची वाट पाहताना रस्त्यानं एखादा ट्रॅक्टर गेला, की ती विपुलचा हात घट्ट धरत होती.