पातेल्यातलं जायफळ

दुपारी ती चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून परतली, तेव्हा घरात लवंग-दालचिनीचा वास होता आणि तिची लेक चिमणी झोपलेली होती. वास रोजचाच. थंडी पडल्यापासून काढ्याचं पातेलं गॅसवर मंद आचेवर ठाण मांडून बसलं होतं. येता-जाता ज्याला जे सुचेल ते त्याने त्यात टाकायचं, वर पेलाभर पाणी ओतायचं, ही घरची रीत. झोप मात्र रोजची नव्हती. आठ महिन्यांची चिमणी एरवी या वेळेला कडीचा आवाज ऐकला की हात पुढे करायची.

तिने लेकीच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तळपायाला गुदगुल्या केल्या, कानाशी हाक मारली. चिमणीने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मान टाकली.

"आई, कधीपासून झोपलीये ही?"

"सकाळची. खोकून दमली बिचारी." सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. "झोपू दे की जरा."

"काही दिलंत का तिला?"

"मी काय देणार? तुझे हुकूम पाठ आहेत मला."

हुकूम होतेच. मध नको, मीठ नको, कुणाचं उष्टं नको. मागे नुसत्या बिस्किटाच्या चुऱ्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. पण आत्ता चिमणीच्या लाळेऱ्यावर तपकिरी डाग होता. तिने तो नाकाशी नेला. लवंग.

"बरं बाई, दिला चमचाभर काढा," सासूबाई म्हणाल्या. "मध नव्हता त्यात."

"मग काय होतं?"

"आलं मी ठेचलं," खिडकीपाशी बसलेले सासरे म्हणाले. "आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून जायफळ किसलं. अर्धंअधिक गेलं असेल."

सासूबाईंचा हात घडीवरच थांबला. "तुम्ही टाकलंत? अहो, मीही टाकलं सकाळी. वास कसा नाही आला मला?"

"लवंगेपुढे कुणाचा वास येतोय."

तिने डॉक्टरांना फोन लावला. लगेच घेऊन या, ते म्हणाले, आणि पोटात नक्की किती गेलंय ते विचारून या.

"आई, चमचाच ना?"

"चमचाच म्हटलं ना."

सिंकमध्ये वाटी पडलेली होती. तळाशी तपकिरी गाळ. ओरडायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला दिसलं की सासूबाई घातलेलीच घडी पुन्हा मोडून घालतायत. ही लपवाछपवी डॉक्टरांपासून नव्हती, आपल्यापासून होती, हे तिच्या लक्षात आलं.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. आवाज शक्य तेवढा खाली आणला.

"आई, मी रागावणार नाही. आत्ता नाही, नंतरही नाही. मला फक्त खरं सांगा."

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"वाटीभर," त्या म्हणाल्या. "गूळ घातला होता. आवडला गं तिला. टाळ्या वाजवल्या."

दवाखान्यात चिमणीच्या छातीला तारा लावल्या. नाडी पळत होती. "वाटीभर म्हणालात ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "चमचाच म्हणाला असतात, तर मी तपासून घरी पाठवलं असतं. आता नजरेखाली ठेवू."

दोघी कॉटच्या दोन बाजूंना बसल्या. पडद्यावरचा नाडीचा आकडा वर गेला की दोघींचा श्वास अडके. सासरे बाहेरच्या बाकावर कानटोपी हातात धरून बसले होते.

बाहेर दिवे लागले तेव्हा चिमणीने पाय झाडले, एक तार ओढून काढली आणि टाहो फोडला. नर्स धावत आली, तपासून हसली. तो आवाज ऐकून सासूबाईंनी डोळे पुसले.

"अजून राग आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे." दात आवळून आवळून तिचा जबडा दुखत होता. "पण बोलणार नाही म्हटलंय."

"बोल एकदाची. माझीही सुटका होईल."

तिने लेकीला छातीशी घेतलं. "उद्या बोलते. आत्ता हिला भूक लागलीये. आणि बाबांना म्हणावं, घरी जाऊन आधी ते पातेलं ओता."

"ते कसले ओततायत," सासूबाई उठत म्हणाल्या. "वर पाणी घालून ठेवतील. मीच जाते."