आत्याचे हात

छायाला लोक गुणी म्हणत, आणि ती होतीही. गंगापूर रोडला तिचा नाचाचा क्लास होता. लग्नाच्या संगीतापासून कन्टेम्पररीपर्यंत सगळं शिकवायची. पण यंदा तिच्या डोक्यात वेगळंच भूत शिरलं होतं. देव-दानवांच्या झटापटीत अमृताचा थेंब म्हणे आपल्या नाशकात सांडला, आणि त्या एका थेंबापायी दर बारा वर्षांनी इथे लाखो माणसं लोटतात. मरण टाळायची माणसाची ही जी धडपड, तिच्यावर तासाभराचा नाच बसवायचा, असं तिने मनावर घेतलं. हॉल ठरला, तारीख ठरली. अडलं शेवटच्या प्रसंगात. तिथे छायाला मरायचं होतं आणि ते काही केल्या खरं वाटेना. वाटणार कसं? तिने कधी कुणाला मरताना पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात मखमलाबादची गोजराआत्या अंथरुणाला खिळली.

आत्याने जन्मभर मळ्यात झेंडू पिकवला आणि हार ओवले. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हापासून ती खाटेवर पडल्या पडल्या हवेतच हार ओवायला लागली. डाव्या हाताने नसलेलं फूल उचलायची, उजव्या हाताने नसलेली सुई त्यात खुपसायची आणि दोरा पार कोपरापर्यंत ओढायची. शुद्ध नव्हती, पण हात थांबत नव्हते. छाया भेटायला म्हणून गेली आणि दारातच थबकली. अगं बाई, हेच तर हवं होतं!

मग ती रोज जाऊ लागली. आत्याची मुलगी मीना, छायाहून आठ वर्षांनी मोठी, एकटीच सगळं ओढत होती. दसरा तोंडावर आलेला, झेंडू तोडून बाजारात न्यावाच लागतो, फूल काही कुणाच्या मरणासाठी थांबत नाही. छाया आली की मीनाला हायसं वाटे. “लय आधार झाला गं तुझा,” ती म्हणायची. शेजारच्या बायकाही म्हणायच्या, भाची असावी तर अशी. भाची काय करत होती? औषधाच्या बाटलीला मोबाइल टेकवून हातांचा व्हिडिओ घेत होती. हात नीट दिसावेत म्हणून एकदा तिने आत्याची गोधडीही खाली सरकवली. आत्या थंडीने कुडकुडली, तेव्हा पुन्हा वर ओढली. पण व्हिडिओ पुरा झाल्यावरच.

त्या दिवशी सकाळी मीना फुलांचे क्रेट टेंपोत चढवून निघाली. निघताना उशाशी गंगेच्या पाण्याचा गडू भरून ठेवला, वर तुळशीचं पान. नाशकातला माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि शेवटी तिचे दोन थेंब तोंडात पडले की जन्माचं सार्थक मानतो. “काय वाटलंच तर दोन चमचे घाल,” मीना म्हणाली, “मी दहापर्यंत आलेच.”

साडेनऊला आत्याचे हात थांबले. तिने डोळे उघडले, छायाकडे पाहिलं आणि उजव्या हाताचा अंगठा हळूहळू ओठांकडे नेला. मग पुन्हा नेला. छाया मोबाइल सावरत होती. हे नवीनच काहीतरी होतं, आधीच्या कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. ती म्हणाली, “एक मिनिट हं, आत्या.”

मिनिट झालं नसेल. हात छातीवर पडला तो पडलाच.

छायाने घाईघाईने पाणी घातलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं. मीना धापा टाकत आली, पहिला प्रश्न तोच. “पाणी?”

“पाजलं,” छाया म्हणाली. “दोन चमचे घेतलं तिने.”

मीनाने तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला तर कावळा लगेच शिवला. तिथले कावळे कुणाच्याही भाताला तोंड लावतात हो, पण जमलेली माणसं म्हणाली, छायाने तोंडात गंगा घातली म्हणून बाई तृप्त होऊन गेली. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. छायाला वाटलं, इथल्या इथे धरणी पोटात घेईल तर बरं. तोंड उघडायचं धाडस मात्र झालं नाही. आणि नाच? तो तिने सोडला का? छे! तालमी दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाल्या.

प्रयोगाला हॉल भरला. शेवटच्या प्रसंगात छायाने हवेत हार ओवला, थांबली, मग अंगठा ओठांकडे नेला, पुन्हा नेला, आणि पडली. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. एक जाणते गृहस्थ मेकअपच्या खोलीत येऊन म्हणाले, “ती शेवटची खूण! अमृताची अख्खी तहान त्या एका अंगठ्यात आणलीत तुम्ही.” छायाने शरमेने मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

ते गेले आणि दारात मीना उभी. चांगली साडी नेसून आली होती, डोळे रडून सुजलेले.

“आईच होती गं ती,” मीना म्हणाली. “तू तिला मरू दिलं नाहीस. हुबेहूब तिचे हात! ध्यानात कसं राहिलं तुझ्या?”

“व्हिडिओ घेतला होता,” छाया बोलून गेली, आणि जीभ चावली.

“व्हिडिओ हाय?” मीनाचा चेहराच उजळला. “माझ्याकडे आईचे नुसते फोटो. हालताना-बोलताना एकदासुद्धा घेतली नाय मी तिला. दाखव ना.”

डिलीट झाला, असं म्हणता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण हिला आणखी एकदा फसवायचं? छायाला स्वतःची इतकी किळस आली, की तिने मोबाइल काढला, तो शेवटचाच व्हिडिओ लावला आणि हातात दिला.

मीना स्टुलावर बसली. हात दिसले तशी हसली. “बघ, दोरा कसा खेचतीय! मला अस्साच खेचायला लावायची.” मग हात थांबले. अंगठा ओठांकडे गेला. मीनाचं हसू विरलं. छायाचा आवाज खोलीभर ऐकू आला, एक मिनिट हं, आत्या. हात छातीवर पडला. त्यानंतर गडूची घाई, चमच्याचा आवाज, आणि व्हिडिओ संपला.

बाहेर कुणीतरी छायाला हाका मारत होतं, फोटोसाठी सगळे खोळंबले होते.

मीनाने मोबाइल पदराने पुसून परत दिला. शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर छायाने गाल पुढे केला असता. पण मीना नुसती उठली आणि चपला शोधायला लागली.

“ताई, काहीतरी बोल ना गं.”

“काय बोलू?” मीना म्हणाली. “तुला त्या दोन चमच्यांसाठीच बसवलं होतं.”